वहीतले ‘उ’ आणि ‘डा’

माझ्या कपाटात सात वह्या आहेत. मुलाने वयाच्या नवव्या वर्षापासून शाळा संपेपर्यंत बेसबॉलच्या सामन्यांत टाकलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू त्यांत टिपलेला आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘उ’ किंवा ‘डा’ असे अक्षर आहे. उ म्हणजे उजवा हात, डा म्हणजे डावा. दोन्ही हातांनी चेंडू टाकणारा पिचर बेसबॉलमध्ये इतका विरळा की स्कोअरच्या छापील वहीत त्याच्यासाठी रकाना नसतो. तो मी फूटपट्टी घेऊन पानापानावर आखत असे. मुलाला असे तयार करताना आम्ही कशाकशातून गेलो, कुठे चुकलो आणि काय उमगले, हे इथले, न्यू जर्सीतले, मराठी पालक मला अधूनमधून विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

मी मूळचा वर्ध्याचा आणि जन्माने डावरा. पहिलीत पाटीवर डाव्या हाताने अक्षर गिरवू लागलो की बोटांवर पट्टी बसे. घरी पंगतीत डावा हात ताटाकडे गेला की आई तो अलगद बाजूला करी. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता, तशी रीतच होती. मी उजव्या हाताने लिहायला आणि जेवायला शिकलो, पण मैदानावर चेंडू हातात आला की तो डाव्याच हातातून सुटे, आणि एवढी एक गोष्ट तरी माझी माझ्याकडे राहिली याचे मला फार समाधान वाटे. मुलगा २००३ साली न्यू जर्सीत जन्मला. दीड वर्षाचा असताना तोही वरणभाताकडे डावा हात नेऊ लागला. त्या वेळी माझी आई सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती. तिने त्याला मांडीवर घेऊन, ‘या हाताने, बाळा,’ असे म्हणत उजव्या हाताने घास घ्यायला शिकवले. मी आईला थांबवले नाही, मात्र अंगणात चेंडू कोणत्या हाताने फेकायचा याबद्दल त्याला कोणी काही सांगायचे नाही, एवढे घरात बजावून ठेवले. परिणाम असा झाला की पाच वर्षांचा होईतो तो चेंडू ज्या हाताला लागेल त्या हाताने फेकू लागला आणि दोन्हींत मला फारसा फरक दिसेना.

यातून काही घडवता येईल हे २०११ सालापर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हते. त्या उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आम्ही तिघे ट्रेंटनला सामना पाहायला गेलो. तिथले स्टेडियम डेलावेअर नदीच्या अगदी काठावर आहे, आणि ट्रेंटन थंडर हा तेव्हा न्यूयॉर्क यांकीजच्या पंखाखालचा डबल-ए दर्जाचा संघ होता. मेजर लीगच्या प्रत्येक संघाखाली मायनर लीगच्या संघांची अशी चढती शिडी असते: तळाशी नवशिक्यांचे संघ, मग सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, आणि त्यानंतर, नशिबात असेल तर, मेजर लीग. आठ वर्षांच्या मुलाला त्या दिवशी सामन्यापेक्षा संघाच्या सोनेरी कुत्र्याचे वेड लागले होते, कारण बॅटरने टाकून दिलेली बॅट तोंडात धरून तो डग-आउटकडे, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेकडे, आणून देत असे. सातव्या इनिंगच्या सुमारास बुलपेनचे, म्हणजे राखीव पिचर तयारी करतात त्या जागेचे, दार उघडले आणि एक पिचर धावत माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या मातीच्या उंचवट्यावर, आला. त्याने सरावाचे काही चेंडू उजव्या हाताने टाकले, मग ग्लोव्ह काढून दुसऱ्या हातात चढवला आणि उरलेले चेंडू डाव्या हाताने टाकले. मुलगा खुर्चीवर उभा राहिला. कुत्र्याचा विषय तिथे संपला. बऱ्याच वेळाने त्याने मला विचारले, “बाबा, त्याच्या आजीनेपण त्याचा हात बदलला असेल का?”

तो पिचर म्हणजे पॅट व्हेंडेटी. घरी येऊन मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. तो नेब्रास्कातल्या ओमाहाचा, मूळचा उजवा. त्याच्या वडिलांनी त्याला तीन वर्षांचा असल्यापासून दोन्ही हातांनी फेकायला शिकवले होते. त्यांच्या शिकवण्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली: ते त्याला अमेरिकन फुटबॉल दोन्ही पायांनी लाथाडायला लावत, कारण पिचरचा हात जे काम करतो त्याची सुरुवात उचललेल्या पायापासून होते, आणि हात शिकवायचा तर आधी त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय शिकवावा लागतो. क्रेटन विद्यापीठातून खेळल्यावर २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, यांकीजने त्याला विसाव्या फेरीत घेतले. विसाव्या फेरीतल्या खेळाडूकडून कोणी फार आशा बाळगत नाही.

दोन्ही हातांचा उपयोग काय, हे क्रिकेट पाहिलेल्या माणसाला लवकर कळते. उजव्या बॅटरला उजव्या पिचरचा चेंडू स्वतःच्या खांद्यामागून आल्यासारखा भासतो आणि कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, त्याच्यापासून लांब पळतो. तोच डाव्या पिचरने टाकला तर त्याला तो हातातून सुटताना स्वच्छ दिसतो आणि वळून आत येतो. म्हणून संघ बुलपेनमध्ये उजवे आणि डावे असे दोन्ही पिचर तयार ठेवतात आणि समोरचा बॅटर पाहून त्यांची अदलाबदल करतात. ज्या पिचरकडे दोन्ही हात आहेत, तो जागेवरून न हलता ही अदलाबदल स्वतःच करू शकतो. तत्त्व एवढेच आहे. पुढची दहा वर्षे गेली ती हे तत्त्व एका वाढत्या अंगात बसवण्यात.

आम्ही २०११ च्या शरद ऋतूत घरामागच्या अंगणात सुरुवात केली, आणि पहिल्या वर्षी मी त्याला चुकीचे शिकवले. माझ्या डोक्यात क्रिकेटची गोलंदाजी होती. कोपर सरळ, हात कानाला घासून वर. बेसबॉलमध्ये कोपर वाकते, हात मागे जाऊन चाबकासारखा पुढे येतो, धावत येण्याची मुभा नसते आणि सगळा जोर उभ्या जागी कंबरेच्या वळण्यातून काढावा लागतो. मुलगा माझे ऐकून हात ताठ ठेवायचा प्रयत्न करी आणि त्याचे चेंडू कुंपणावर जात. शेवटी मी गावातल्या एका निवृत्त प्रशिक्षकांकडे त्याला घेऊन गेलो. त्यांनी चेंडू बाजूला ठेवला आणि त्याच्या हातात एक लहान टॉवेल दिला. गुडघ्यावर बसून टॉवेल असा फिरवायचा की त्याचे टोक समोर धरलेल्या ग्लोव्हवर फटकन आपटले पाहिजे. वीस वेळा उजव्या हाताने, वीस वेळा डाव्या हाताने. मग उभे राहून, मग एक पाय उचलून. तीन आठवडे त्याने चेंडूला हात लावला नाही. मीही व्हेंडेटीच्या वडिलांचा मार्ग धरून त्याला फुटबॉल दोन्ही पायांनी मारायला लावला, आणि त्याचा फायदा मला डोळ्यांनी दिसला: डाव्या हाताने टाकताना आधी जो उजवा पाय दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडत असे, तो हळूहळू मातीत एकाच जागी खड्डा पाडू लागला. आमच्या अंगणात ते दोन खड्डे, एक उजव्या बाजूचा आणि एक डाव्या बाजूचा, बरीच वर्षे होते.

चेंडू मी झेलत असे. बेसबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका, सुमारे १४५ ग्रॅमचा असतो, पण कॅचरच्या जाड ग्लोव्हमधूनही तो तर्जनीच्या मुळाशी असा बसतो की रात्री पोळीचा तुकडा मोडताना हात दुखे. त्या दुखण्याने मला एक गोष्ट शिकवली. डोळे मिटून झेलता आले असते तरी चेंडू कोणत्या हातातून आला हे मी सांगू शकलो असतो: उजव्या हाताचा चेंडू वरून येऊन तळव्यात रुतत असे आणि डाव्या हाताचा, जो त्याने आपसूकच खांद्याखालून, बाजूने टाकायला सुरुवात केली होती, तो बोटांवर घसरत येई. मी आधी दोन्ही बाजू एकसारख्या करण्याचा आग्रह धरला होता. प्रशिक्षकांनी तो मोडून काढला. त्यांचे म्हणणे असे होते की आरशातल्यासारखे दोन सारखे पिचर तयार करण्यात अर्थ नाही. डावा हात ज्या वाटेने सहज जातो त्या वाटेने त्याला जाऊ द्यावे. व्हेंडेटीही उजव्या हाताने वरून आणि डाव्या हाताने बाजूने टाकतो, हे तोवर आमच्या लक्षात आले होते.

ग्लोव्हची गोष्ट वेगळी सांगायला हवी. साधा ग्लोव्ह एका हाताचाच असतो. दोन्ही हातांत बसणारा ग्लोव्ह दुकानात मिळत नसे. तो मापाने बनवून घ्यावा लागला. त्याला सहा बोटे असतात, मध्ये चार आणि दोन्ही कडांना एकेक अंगठा, आणि चेंडू अडकवणाऱ्या जाळ्याही दोन. ग्रेग हॅरिस या पिचरने असाच ग्लोव्ह वापरून २८ सप्टेंबर १९९५ रोजी माँट्रियलच्या संघाकडून एकाच सामन्यात दोन्ही हातांनी चेंडू टाकले होते, आणि तो ग्लोव्ह आता कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे. आमचा ग्लोव्ह अडीच महिन्यांनी आला तेव्हा तो लाकडासारखा कडक होता. माझ्या पत्नीने त्याला दर रविवारी तेल चोळले. रात्री त्याच्या पोटात चेंडू ठेवून तो आम्ही सुतळीने घट्ट बांधत असू आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी वाकवत असू, कारण अशा ग्लोव्हला दोन्हीकडे घड्या पडाव्या लागतात. तो मऊ होईपर्यंत हिवाळा संपला. ग्लोव्ह एका हातातून काढून दुसऱ्यात घालायला मुलाला सुरुवातीला दहा-बारा सेकंद लागत आणि चेंडू काखेत धरावा लागे; तेराव्या वर्षापर्यंत ती कृती शर्टाची बाही सारखी करण्याइतकी सहज झाली होती.

पहिला खरा पेच २०१४ च्या वसंतात पडला. मुलगा अकरा वर्षांचा होता. समोरच्या संघात एक स्विच हिटर होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभा राहून बॅटिंग करणारा मुलगा. आमच्या मुलाने ग्लोव्ह डाव्या हातात घातला, तसा तो प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीतल्या पाटीच्या, पलीकडे गेला. याने ग्लोव्ह बदलला, तसा तो पुन्हा अलीकडे आला. अंपायर हे एक स्वयंसेवक गृहस्थ होते. त्यांनी असे कधी पाहिले नव्हते. त्यांनी सामना थांबवला आणि दोन्ही कोचना बोलावले. मी कुंपणाबाहेर होतो. माझ्या पिशवीत व्यावसायिक बेसबॉलच्या नियमाची छापील प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेली होती, आणि मी ती घेऊन थेट मैदानात गेलो. पालकांनी असे करायचे नसते. अंपायरनी ती शांतपणे वाचली, पिचरला आधी हात ठरवायला सांगितले आणि खेळ पुढे नेला. पण आमच्या कोचनी नंतर मला बाजूला घेऊन जे सुनावले ते योग्यच होते.

तो नियम मुळात व्हेंडेटीमुळेच झालेला आहे. जून २००८ मध्ये, स्टेटन आयलंडच्या संघाकडून आपल्या पहिल्याच व्यावसायिक सामन्यात, त्याची ब्रुकलिनच्या राल्फ हेन्रिकेझ या स्विच हिटरशी गाठ पडली आणि दोघे कितीतरी वेळ आपापल्या बाजू बदलत राहिले. शेवटी अंपायरांनी बॅटरला आधी बाजू ठरवायला लावली, आणि व्हेंडेटीने त्याला बाद केले. त्यानंतर काही आठवड्यांतच नियम लिहिला गेला, तो मात्र उलट्या क्रमाने. पिचरने माउंडवरच्या पट्टीला पाय लावताना ग्लोव्ह ज्या हातात असेल त्याच्या विरुद्ध हाताने टाकायचे आहे, असे अंपायर, बॅटर आणि धावपटू यांना दिसले पाहिजे. तो बॅटर बाद होईपर्यंत, धावपटू होईपर्यंत किंवा बदलला जाईपर्यंत पिचरला हात बदलता येत नाही. दुखापत झाली तरच बदलता येतो, पण मग त्या सामन्यात दुखावलेला हात पुन्हा वापरायचा नाही. म्हणजे स्विच हिटरसमोर शेवटचा शब्द बॅटरचा राहतो. क्रिकेटचा कायदा याहून सैल आहे: गोलंदाजाने अंपायरला सांगितले की अंपायर फलंदाजाला कळवतात आणि षटकाच्या मध्येही हात बदलता येतो, फक्त न सांगता बदलला तर नो-बॉल. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या विदर्भाच्या अक्षय कर्णेवारने ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात दोन्ही हातांनी फिरकी टाकली, तेव्हा मला यवतमाळ आणि ओमाहा ही दोन गावे शेजारी असल्यासारखी वाटली.

मुलाच्या २०१४ मधल्या त्या सामन्यानंतर पार्किंगमध्ये समोरच्या संघातल्या एका पालकांनी ‘सर्कस’ हा शब्द वापरला. मला तो फार लागला. पण घरी येऊन विचार केला तेव्हा जाणवले की हा शब्द त्यांच्या तोंडी येण्याला मीही काही अंशी कारणीभूत होतो. मी त्याचे व्हिडिओ नातेवाइकांच्या गटांवर पाठवत होतो. गणपतीत पाहुणे जमले की त्याला अंगणात नेऊन, ‘दाखव रे एकदा दोन्ही हातांनी,’ असे सांगत होतो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की माझ्या लहानपणी बोटांवर बसलेल्या पट्टीची कुठेतरी भरपाई होत होती. पुढच्या वर्षीच्या गणपतीत, बारा वर्षांचा असताना, त्याने सर्वांसमोर नाही, तर स्वयंपाकघरात येऊन मला हळूच सांगितले, “बाबा, मला दाखवायचं नाहीये. मला आउट करायचंय.” त्यानंतर मी त्याला कधी कोणासमोर उभे केले नाही.

त्याच वर्षी, ५ जून २०१५ रोजी, व्हेंडेटी मेजर लीगमध्ये पोचला होता. बोस्टनच्या फेनवे पार्कवर, ओकलंडकडून, दोन इनिंग, एकही रन न देता. आम्ही तिघांनी तो सामना घरी पाहिला. व्यावसायिक बेसबॉलमधल्या पहिल्या चेंडूपासून त्या दिवसापर्यंत सात वर्षे गेली होती आणि तो तिशीला टेकला होता. त्या सात वर्षांची वाट आम्ही नकाशावर काढून फ्रिजला लावली होती: स्टेटन आयलंड, चार्ल्स्टन, टॅम्पा, ट्रेंटन, मग ट्रिपल-ए. २०१२ मध्ये तो ट्रिपल-एला चढला, त्या वर्षी त्या संघाचे स्क्रॅन्टनचे मैदान दुरुस्तीला काढलेले असल्याने सगळा हंगाम परगावीच खेळला गेला. त्यातच त्याच्या उजव्या खांद्याच्या सांध्यातली कूर्चा फाटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. २०१४ मध्ये तो पुन्हा ट्रेंटनला, म्हणजे एक पायरी खाली होता. सिंगल-एच्या खेळाडूला त्या काळात महिन्याला सुमारे ११०० डॉलर मिळत, तेही केवळ हंगाम चालू असताना. ट्रेंटनहून यांकी स्टेडियम गाडीने दीड तासावर आहे. यांकीजकडून मेजर लीगचा एकही सामना तो कधी खेळला नाही. त्याला संधी दिली ती ओकलंडने.

इतका उशीर का लागला, याचा मी खूप विचार केला आहे. त्याचा कोणताही हात वेगवान नव्हता; इतर पिचर ताशी ९५ मैलांनी टाकत असताना त्याचे चेंडू बहुधा नव्वदीच्या आत असत. एकेक हात सुटा मोजला तर दोन्ही बेताचे ठरत, आणि मोजणाऱ्यांना सवय सुटे मोजण्याचीच होती. शिवाय जी गोष्ट बघायला गर्दी जमते तिच्याकडे गंभीर काम म्हणून पाहायला माणसे तयार नसतात. माझा स्वतःचा अनुभव हेच सांगत होता. फेनवेनंतर तो टोरंटो, सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि मायामी यांच्याकडूनही खेळला. सहा मेजर लीग संघांनी त्याला घेतले ते बॅटर बाद करण्यासाठी, आणि हे मी मुलाला पुन्हा पुन्हा सांगत असे.

आमच्या वाटेवरचा सर्वांत कठीण काळ २०१७ चा. लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचर आणि प्लेट यांच्यात ४६ फुटांचे अंतर असते. मोठ्या मैदानावर ते ६० फूट ६ इंच होते. चौदाव्या वर्षी, अंग झपाट्याने वाढत असताना, हा बदल त्याला झेपवायचा होता. मे महिन्यात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले. त्याने दोन आठवडे ते आम्हाला सांगितले नाही आणि डाव्या हाताने जास्त टाकत राहिला. माझ्या वहीत तो पुरावा आहे: ‘उ’ कमी होत गेलेले दिसतात आणि ‘डा’ वाढत गेलेले, आणि ते माझ्याच हाताने लिहिलेले असूनही मला दिसले नाही. मला वाटले, तो डाव्या हातात तयार होतो आहे. अस्थितज्ज्ञांनी एक्स-रे पाहून सांगितले की कोपराच्या हाडाच्या वाढीच्या जागेवर ताण आला आहे. तीन महिने उजवा हात पूर्ण बंद. मी विचारले, डाव्या हाताने टाकू द्यावे का? त्यांचे उत्तर मी कायम लक्षात ठेवले आहे. हात दोन असले तरी पाठ एक आहे, कंबर एक आहे आणि पाय दोन्ही हातांसाठी तेच राबतात. थकलेल्या अंगाने टाकले तर दुसरे कोपरही याच वाटेने जाईल.

मुळात त्याचे चेंडू मोजायचे कसे, हा प्रश्न मला सुरुवातीपासून पडत असे. लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ चेंडूंची मर्यादा असते, आणि ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. काही हितचिंतक मला सांगत की तुमच्या मुलाला दोन हात आहेत, म्हणजे त्याला दुप्पट टाकता येतील. तो सल्ला मी कधी मानला नाही, पण सरावात मी प्रत्येक हाताचे वेगळे गणित मांडत होतो: उजव्याचे चाळीस, डाव्याचे चाळीस, आणि दोन्ही आकडे लहान दिसत असल्यामुळे मी निश्चिंत होतो. ऐंशी हा आकडा मी कुठेच लिहिलेला नव्हता. त्या उन्हाळ्यापासून मी रकान्याखाली बेरीज लिहू लागलो. दोन्ही हातांनी खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे हेच आहे की बेरीज करा, आणि मूल दुखते म्हणून सांगेल याची वाट पाहू नका.

हायस्कूलमध्ये पहिल्या दोन वर्षांत त्याला डाव्या हाताने जेमतेम काही इनिंग मिळाल्या. कोचांचे म्हणणे होते की उजवा हात वेगवान आहे, तोच घडवावा. त्यांच्या हाताखाली चाळीस मुले होती. एका मुलासाठी दोन सराव आखणे त्यांना शक्य नव्हते, हे मला पटत असे, तरी वाईट वाटे. मुलाने तक्रार केली नाही. तो सराव संपल्यावर मैदानाबाहेरच्या भिंतीवर डाव्या हाताने टाकत राही, आणि घरी आल्यावर अंधार पडेपर्यंत मी झेलत असे. २०२० चा वसंत महामारीमुळे पूर्ण रद्द झाला. त्या रिकाम्या महिन्यांत आम्ही दोघे पुन्हा अंगणातल्या त्या दोन खड्ड्यांपाशी आलो, आणि मला वाटते, त्याचा डावा हात खऱ्या अर्थाने तेव्हा पिचरचा झाला. बाजूने येणाऱ्या त्याच्या स्लायडरला, म्हणजे उशिरा वळणाऱ्या वेगवान चेंडूला, आता शेवटच्या दोन फुटांत अशी कलाटणी मिळू लागली की मी ग्लोव्ह लावूनही दोनदा चुकलो आणि चेंडू नडगीवर घेतला. डाव्या हाताचा आणखी एक गुण त्याने स्वतःच ओळखला: पहिल्या बेसवर धावपटू असेल तर डावा पिचर त्याच्याकडे तोंड करून उभा असतो आणि त्याला जागचे हलू देत नाही. कधी हात बॅटर पाहून निवडायचा आणि कधी धावपटू पाहून, हा विचार तो आता मला न विचारता करत होता.

२०२१ च्या मे महिन्यात, शाळेच्या शेवटच्या हंगामात, एका ढगाळ दुपारी आमचा संघ सहाव्या इनिंगला एका रनने पुढे होता. पहिल्या बेसवर धावपटू होता आणि एकही बाद नव्हता. कोचांनी बुलपेनकडे पाहून त्याला हात केला. पूर्वी असा निरोप गेला की सोबत उजव्या हाताने की डाव्या, याची सूचना असे. त्या दिवशी तशी काही नव्हती. ते माउंडवर गेले, त्याच्या तळव्यात चेंडू ठेवला आणि परत आले. शेजारच्या बाकावर समोरच्या संघातल्या मुलाचे आजोबा बसले होते. ते दर चेंडूला पुटपुटत होते, आणि मी दर चेंडूला श्वास धरत होतो. धावपटू दोनदा बेसकडे परतला. मग जमिनीवरून घसरत एक चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, गेला, दुसरा बेस, पहिला बेस, दोघे बाद. पुढच्या बॅटरने पाच चेंडू खेळून काढले आणि सहाव्यावर बॅट फिरवली ती चेंडूच्या वरून. मुलगा मान खाली घालून डग-आउटकडे चालत गेला, ग्लोव्ह काखेत होता.

रात्री जेवणानंतर मी नेहमीप्रमाणे बेरीज करायला वही उघडली. त्या इनिंगचे सगळे चेंडू तिथे आहेत, स्ट्राइक, बॉल, फाऊल, सगळे. ‘उ’ आणि ‘डा’चा रकाना मात्र कोरा आहे. मुलाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. मी विचारले नाही, आणि तो रकाना अजून तसाच आहे.